आमची नवी पाटी

"बाबा, तुमच्यासाठी एक टॅब्लेट पाठवतोय. दोन दिवसांत पोचेल," बंगळुरूहून चिरंजीवांचा फोन आला.

मी म्हटले, "अरे, चार चालू आहेतच की! सकाळी दोन, दुपारच्या जेवणानंतर एक आणि रात्री निजताना एक. ही पाचवी आता कशावर?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग चिरंजीव हसले, त्यांच्यामागून सूनबाई हसल्या, आणि सर्वांत शेवटी नात इतक्या मोठ्याने हसली की, मला फोन कानापासून दूर धरावा लागला. माझ्या वयाच्या माणसाला टॅब्लेट म्हटले की गोळीच आठवणार. त्यात माझा काय दोष? पण तेव्हापासून आमच्या घरात या वस्तूचा उल्लेख 'पाचवी गोळी' असाच होतो. ती मला लागू पडली की नाही, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

दोन दिवसांनी खोके आले. त्यातून एक काळीभोर, गुळगुळीत, चौकोनी वस्तू निघाली. मला एकदम माझी प्राथमिक शाळेतली पाटी आठवली. तीच लांबीरुंदी, तोच काळा रंग. फक्त लाकडी चौकट तेवढी नव्हती. पुढे कळले की, ही आठवण अगदीच अस्थानी नव्हती. टॅब्लेट या शब्दाचा मूळ अर्थ लिहिण्याची लहानशी फळी असाच आहे. जुने रोमन लोक लाकडी फळीवर मेणाचा थर देत आणि टोकदार काडीने त्यावर हिशेब लिहीत. मेण पुन्हा सारखे केले की पाटी कोरी! म्हणजे दोन हजार वर्षांनी माणूस फिरून पाटीवर आला, असे म्हणायला हरकत नाही. मी तर इतका आलो की, काचेवर डाग दिसताच अंगठा ओला करून तो पुसू लागलो. सौ. म्हणाली, "अहो, ती तीस हजारांची आहे. थुंकीने काय पुसताय?" आमच्या मास्तरांनीही याच अपराधासाठी माझ्या हातावर छडी मारली होती.

ही पाटी दोन महिने कपाटात पडून राहिली. तिचे काय करावे हेच मला उमगेना. खालच्या मजल्यावर एक निवृत्त सर्कल इन्स्पेक्टर राहतात. त्यांनी ती हातात घेऊन तोलून पाहिली आणि निकाल दिला, "खिशात मावत नाही म्हणजे फोन नव्हे. टंकलेखनाच्या बटणांची पट्टी नाही म्हणजे संगणकही नव्हे. त्रिशंकू आहे हो हा! जे यावर होतं ते सगळं माझ्या फोनवर होतं."

त्यांचे म्हणणे खोडून काढण्याइतके ज्ञान माझ्यापाशी नव्हते. आणि खरे सांगायचे तर, ते खोडून काढावे अशी इच्छाही नव्हती. न वापरण्याला एक सबळ कारण मिळाले म्हणून मी मनातून सुखावलोच.

मोठे नवल असे की, हा सर्कल इन्स्पेक्टरी प्रश्न खुद्द ही वस्तू बाजारात आणणाऱ्यालाही पडला होता. २७ जानेवारी २०१० रोजी अ‍ॅपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज यांनी आयपॅड लोकांपुढे मांडला, तेव्हा त्यांनी आरंभीच विचारले होते की, फोन आणि मांडीवरचा संगणक यांच्या मध्ये तिसऱ्या वस्तूला जागा आहे काय? मग ते व्यासपीठावरच एका आरामखुर्चीत रेलून बसले आणि मांडीवर ती पाटी ठेवून वर्तमानपत्र वाचून दाखवू लागले. माझ्या मते त्या दिवशीचे खरे उत्तर त्या आरामखुर्चीत होते.

पण कल्पना त्याहूनही जुनी. अ‍ॅलन के नावाच्या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९७२ साली एक निबंध लिहिला. त्यात त्याने वहीच्या आकाराचा एक संगणक कल्पिला होता आणि हिरवळीवर पहुडून त्याच्याशी खेळणारी नऊ वर्षांची दोन मुले रंगविली होती. त्या काळी मोठ्या संगणकाला एक खोली लागे! त्याच्या निबंधाच्या नावाचा मराठी अर्थ असा : 'सर्व वयांच्या मुलांसाठी वैयक्तिक संगणक'. आपल्याकडेही ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाची स्वस्त पाटी काढली होती. म्हणजे पाटी विद्यार्थ्यांची, हा आपला जुना समज सगळीकडेच होता. सत्त्याहत्तर वर्षांच्या मुलाचा विचार कोणी केला असेल, असे मला वाटले नव्हते.

मे महिन्यात नात सुटीला आली आणि तिने कपाट उघडले. "आजोबा, तुम्ही हिला अजून हातसुद्धा लावला नाही?" असे म्हणून तिने माझी शिकवणी सुरू केली.

पहिलाच धडा अवघड निघाला. ती बोट टेकवी, की चित्रे भराभर हलत. मी टेकवी, तर काहीच होत नसे. मी आणखी जोर लावला. नखाने टोकरले. पेन्सिलीच्या टोकाने डिवचले. पाटी ढिम्म! मग नातीने समजावून दिले की, इथे जोराचे काम नाही. काचेखाली डोळ्यांना न दिसणारे विद्युत्वाहक जाळे असते, त्यावर बारीकसा विद्युत्भार खेळत असतो. माणसाच्या बोटातून वीज वाहू शकते, म्हणून बोट जवळ येताच त्या जागचा भार किंचित बदलतो आणि पाटीला स्पर्श कळतो. नखातून आणि लाकडातून वीज वाहत नाही. आणि म्हाताऱ्यांच्या बोटांची कातडी कोरडी ठणठणीत झालेली असली, तर तीही पाटीला नीट कळत नाही.

अडतीस वर्षे मी छापखान्यात कागद उलटले. बोट जिभेला लावून पान उलटायची माझी घाणेरडी सवय सौ.ने पन्नास वर्षे मोडू पाहिली. त्या दिवशी नकळत मी बोट जिभेला लावले, किंचित ओले झालेले ते बोट काचेला टेकवले आणि पाटी चालू लागली! सौ.ने कपाळाला हात लावला.

मग मी या वस्तूची रोजच्या व्यवहारात परीक्षा घ्यायचे ठरवले. निकाल प्रांजळपणे देतो. विजेचे बिल यावर भरता येते; पण ते फोनवरही येते, आणि पैशाचे व्यवहार करताना माझा हात अजून कापतो म्हणून ते काम मी करत नाही. वाणसामानाची यादी लिहून पाहिली. पण पाटी काखोटीला मारून वाण्याकडे जाणे विचित्र दिसते. त्यापेक्षा जुन्या पाकिटाची पाठ बरी. स्वयंपाकघरात सौ.ने ती फडताळाला टेकवून ठेवली आणि समोर चित्र बघत एक नवा पदार्थ केला. पदार्थ साधला, मात्र कणकेच्या हातांना पाटी दाद देत नाही, त्यामुळे "अहो, जरा पुढे सरकवा" असे म्हणत तिने मला तिथे तासभर उभे करून ठेवले. नातीचा चेहरा मात्र यावर हाताएवढा दिसतो, फोनवर तो पेढ्याएवढा दिसे. एवढा एक गुण सोडला तर खालच्या मजल्यावरचा निकालच योग्य होता.

आता इतका वेळ जी गोष्ट टाळली, ती सांगायला हवी.

दोन वर्षांपूर्वी मला वर्तमानपत्रातल्या ओळी वाकड्या दिसू लागल्या. मी व्यवसायाने मुद्रितशोधक. १९६८ साली छापखान्यात लागलो, तेव्हा खिळे हाताने जुळवत. मुद्रितशोधकाचा स्वभाव असा की, दोष दिसला म्हणजे तो प्रथम छापखान्याचा मानायचा. "हल्ली छपाईत राम उरला नाही," असे मी सहा महिने म्हणत होतो. मग नजरेच्या ऐन मध्यावर एक धुरकट ठिपका आला. ज्या अक्षराकडे पाहावे नेमके तेच नाहीसे व्हावे आणि शेजारची मात्र दिसावीत! चष्मा पुसला, बदलला, दिवा जवळ ओढला. ठिपका हलेना. जन्मभर दुसऱ्यांच्या वेलांट्या तपासून ज्याने पोट भरले, त्याला वेलांटीच दिसेनाशी झाली. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही. का, ते सांगता येत नाही. सांगितली की खरी होईल, अशी काहीतरी पोरकट भीती असावी. सकाळी वर्तमानपत्र उघडून मी ठरावीक वेळाने पान उलटत असे.

आमच्या घरी दिवाळीची एक रीत आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला असे मानतात. तेव्हापासून मराठी माणसाच्या फराळात आणखी एका पदार्थाची भर पडली. १९७४ साली आमचे लग्न झाले. त्या दिवाळीत सौ. करंज्या तळत होती आणि मी चुलीपाशी पाट मांडून तिला अंकातली कथा वाचून दाखवली. तेव्हापासून दर दिवाळीला दोन अंक विकत, बाकीचे वाचनालयातून, आणि तळण चालू असताना एक तरी कथा मोठ्याने वाचायची, हा नेम चुकला नाही.

गेल्या दिवाळीत अंक आले. सौ.ने कढई ठेवली आणि म्हणाली, "हं, वाचा."

मी अंक उघडला. मथळा दिसला, खालचा मजकूर म्हणजे पावसाने भिजलेली शाई. कढईतले तेल तापत होते. 'दिसत नाही' हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. मी घसा खाकरला आणि एका लहान स्टेशनावरच्या स्टेशनमास्तरची गोष्ट वाचू लागलो. वाचू लागलो म्हणजे रचू लागलो! अडतीस वर्षे इतरांच्या कथा तपासल्या होत्या. त्यांचीच हाडे-मांस जोडून मी एक रात्र, एक बंद पडलेला सिग्नल आणि एक उशिरा आलेली गाडी उभी केली. मध्येमध्ये पानही उलटले. शेवट काही सुचेना, म्हणून मास्तरांची बदली करून मोकळा झालो. सौ. म्हणाली, "बरी होती." आणि दुसऱ्या दिवसापासून मी जाहीर केले की, यंदाच्या अंकांत काही दम नाही.

जानेवारीत सौ. स्वतःचा चष्म्याचा नंबर तपासायचा म्हणून मला बरोबर घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली आणि तिथे खुर्चीत बसवले मात्र मला. डॉक्टरांनी चौकटीचौकटींचा एक कागद समोर धरून विचारले, "रेषा सरळ दिसतात का?" रेषा नदीच्या पाण्यासारख्या हलत होत्या. डोळ्याच्या पडद्याचा जो ऐन मधला भाग बारीक वाचायला उपयोगी पडतो, त्याची वयोमानाने झीज झाली होती. या दुखण्याच्या एका प्रकारात डोळ्यात इंजेक्शने देतात. माझा प्रकार संथ झिजेचा. गेलेली नजर परत आणील असे औषध त्यावर नाही, चष्म्याचा नंबर बदलूनही भागत नाही. डॉक्टर म्हणाले, "पूर्ण अंधार व्हायचा नाही. कडेची नजर राहते. अक्षर मोठं हवं आणि उजेड भरपूर हवा."

अक्षर मोठे कुठून आणायचे? भिंग वापरून पाहिले. हात हलला की ओळ पळे. आणि मग मी वाचणे सोडले. पाटीला दोन महिने हात लावला नाही, त्याचे खरे कारण हे होते. ज्याला पुस्तक वाचता येत नाही, त्याला हे नवे खेळणे देऊन त्याची समजूत काढताहेत, असे मला वाटत होते.

नातीला हे ठाऊक नव्हते, किंवा असावे. एके दुपारी तिने पाटीवर एक मराठी कथा उघडली आणि दोन बोटे काचेवर फाकवत म्हणाली, "आजोबा, आता दिसतंय?" अक्षर वाढले. "आता?" आणखी वाढले. मग तिने कसलीशी कळ फिरवली आणि पान काळे व अक्षरे पांढरी झाली. थेट शाळेतली पाटी! मी मान किंचित तिरपी केली आणि कडेच्या नजरेने पहिला शब्द वाचला. मग दुसरा. मग मी उठून बाल्कनीत गेलो. नात मागे आली नाही, हे तिने फार शहाणपणाचे केले.

आमच्या धंद्यात अक्षराचे माप पॉइंटात मोजतात. बहात्तर पॉइंट म्हणजे एक इंच. पुस्तक सामान्यतः बारा पॉइंटाच्या आसपास असते. मला अठ्ठेचाळीस लागतो. अशा अक्षरांत फोनवर एका ओळीत जेमतेम दीड शब्द बसतो; तो वाचणे म्हणजे दारावरच्या पाट्या वाचत गाव हिंडण्यासारखे आहे. आमची पाटी साडेआठ इंच लांब आणि सव्वापाच इंच रुंद, म्हणजे जवळजवळ डेमी आकाराच्या पुस्तकाचे पान. त्यावर एका ओळीत तीन-चार शब्द आणि आठ ओळी मावतात. वाक्याचा धागा सुटत नाही. सर्कल इन्स्पेक्टरांना उत्तर सापडले : जे यावर होते ते सगळे फोनवर होते, फक्त माझे वाचन होत नाही.

सगळेच गोड आहे असे मात्र नव्हे. जुनी पुष्कळ पुस्तके पानांची छायाचित्रे घेऊन पाटीवर ठेवलेली असतात. ती म्हणजे छापखान्यातला ब्लॉक. एक अक्षरही जागचे हलत नाही. मोठे केले की ओळ काचेबाहेर जाते आणि पान डावीकडून उजवीकडे ढकलत बसावे लागते. जो मजकूर नव्या पद्धतीने टंकलिखित झालेला असतो, तो मात्र सुट्या खिळ्यांसारखा. अक्षर वाढवले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. मोलस्वर्थचा कोश असा मिळतो, आपला विश्वकोश मिळतो. औषधाच्या पाकिटावरची मुंगीएवढी तारीख पाटीच्या कॅमेऱ्याने टिपून मोठी करता येते, आणि हा उपयोग तर मला रोज होतो. पण बॅटरी रोज रात्री भरावी लागते. शिवाय पूर्वी जे पान मी दोन मिनिटांत वाचीत असे, त्याला आता वीस मिनिटे लागतात. पुस्तकाचा वास नाही, किती उरले हे अंगठ्याला कळत नाही. जे गेले ते गेलेच.

पाटी स्वतःही वाचून दाखवते. मी एकदा ते करून पाहिले. यंत्राचे मराठी स्वच्छ आहे. पण आपल्या भाषेत 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार आहेत, याचा त्याला पत्ता नव्हता. 'जरा थांबा' मधला 'जरा' त्याने असा काही उच्चारला की, थोडे थांबायला सांगत आहे की म्हातारपणाला थांबवत आहे, हे कळेना! मी हसलो, पण मनात आले, म्हातारपण थांबवायची आज्ञा वाईट नव्हती.

परवा श्रावणात संध्याकाळी जोराचा पाऊस आला आणि वीज गेली. सगळा वाडा काळोखात बुडाला. आमच्या हातात तेवढी उजेडाची चौकट. सौ. वाती वळत बसली होती. ती म्हणाली, "वाचा की काहीतरी."

मी म्हटले, "यंत्रच वाचील. माझं फार अडखळतं."

"नको. ते वाचतं, पण सांगत नाही. तुम्ही वाचा."

मी एक कथा उघडली आणि शब्द-शब्द जुळवीत वाचू लागलो, लहानपणी पाटीवरचा धडा वाचायचो तसा. दोन पाने झाली असतील. सौ. मध्येच म्हणाली, "याच्यापेक्षा ती गेल्या दिवाळीतली स्टेशनमास्तरची बरी होती."

माझे बोट काचेवर थबकले. म्हटले, आता लपवण्यात अर्थ नाही. "अगं, ती गोष्ट..."

"अंकात नव्हती," ती वातीवरची नजर न काढता म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तो अंक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. स्टेशनमास्तर कुठंच नाही. तेव्हाच कळलं मला. डॉक्टरांची वेळ घेतली ती म्हणून, आणि पोराला फोन करून मोठ्या अक्षरांचं काहीतरी शोध म्हटलं तेही म्हणून."

"मग मला का बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

बाहेर पागोळ्या गळत होत्या. टॅब्लेट रोजच्या आयुष्यात उपयोगी आहे काय, असे मला कोणी विचारले तर आता माझे उत्तर तयार आहे. ज्याचे डोळे धड आहेत, त्याने ती घेतली नाही तरी काही अडणार नाही. ज्याचे अडले आहे, त्याला मात्र ती गोळी लागू पडते, आणि तीसुद्धा घरच्या माणसाने वेळेवर दिली तर.

"शेवट फार घाईत उरकलात मात्र," सौ. म्हणाली. "मास्तरांची बदली कशाला केलीत? वीज येईपर्यंत नीट पुरी करा."

मी पाटी मिटवून बाजूला ठेवली आणि काळोखातच ती उशिरा आलेली गाडी पुन्हा स्टेशनात आणली.